उडीआधी उतरणं

मुली आणि मैदान : भाग ६

महिलांच्या व्हॉलीबॉलचं नेट २.२४ मीटर उंच असतं, म्हणजे साधारण सात फूट चार इंच. आठवी-नववीतल्या मुलीला त्याच्यावरून हात काढायचा तर उडी हवीच. त्यामुळे सराव सुरू झाला की शाळेच्या सरांपासून घरच्यांपर्यंत सगळे एकच बघतात, पोरगी किती उडते. ती खाली कशी येते याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. गुडघ्याच्या मोठ्या दुखापती मात्र बऱ्याचदा खाली येतानाच होतात. म्हणून ताकद आणि लवचीकतेचा विचार या भागात उतरण्यापासून करायचा आहे.

नेरळहून कळंबला येताना रस्त्याकडेला भाताची खाचरं लागतात. या भागातल्या, विशेषतः ठाकूर-कातकरी वाड्यांमधल्या मुलींना आवणीच्या दिवसांत चिखलात तासन्‌तास वाकायची सवय असते. चुलीपुढे, भांडी घासताना त्या उकिडव्या बसतात तेही टाचा जमिनीला पूर्ण टेकवून. खुर्ची आणि कमोडवर वाढलेल्या मुलीला तसं बसायला सांगितलं तर ती अनेकदा मागे कलंडते. घोट्याची ही लवचीकता म्हणजे आयती मिळालेली मिळकत आहे. घोटा पुरेसा वाकत नसेल तर उतरतानाचा भार गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेवर जास्त येतो. घोटा कमी वाकणाऱ्या व्हॉलीबॉल खेळाडूंमध्ये या कंडरेचं दुखणं अधिक आढळतं, असं ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००६ साली दाखवून दिलं. तेव्हा गावातल्या प्रशिक्षकांनी उकिडवं बसणं मागासलेपणाचं लक्षण मानू नये. ते सांभाळून ठेवावं.

पण वाकता येणं वेगळं आणि हवेतून येणारं सगळं वजन दोन पायांवर झेलणं वेगळं. शेतात काम करणारी मुलगी चिवट असते, तरीही तिच्या मांडीच्या मागचे स्नायू आणि कंबरेभोवतीचे स्नायू हा धक्का झेलायला तयार असतातच असं नाही. त्यात वयाचा भाग येतो. मुलींची उंची सर्वांत वेगाने वाढते ती साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास. पाय लांब होतात, वजन वाढतं, पण मुलांच्या स्नायूंची ताकद वयात येताना जशी झपाट्याने वाढते तशी मुलींची आपोआप वाढत नाही. ती व्यायामानेच कमवावी लागते. नाहीतर उतरताना गुडघे आत वळतात, एकमेकांकडे झुकतात. गुडघ्यातला पुढचा लिगामेंट फाटायला हीच स्थिती कारण ठरते आणि तो फाटला की बहुतेकदा शस्त्रक्रिया आणि कित्येक महिने मैदानाबाहेर.

यावर उपाय आहे आणि तो महाग नाही. अमेरिकेत टिमोथी ह्युएट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळेतल्या ११ व्हॉलीबॉलपटू मुलींना सहा आठवडे उडी मारण्या-उतरण्याचं तंत्र आणि ताकदीचे व्यायाम शिकवले. १९९६ साली त्याचे निष्कर्ष आले. ब्लॉकच्या उडीनंतर जमिनीकडून बसणारा धक्का २२ टक्क्यांनी कमी झाला आणि उडी सुमारे १० टक्क्यांनी वाढली. नीट उतरायला शिकलेल्या मुली उंचही उडू लागल्या! तीन वर्षांनी याच गटाने बाराशेहून अधिक शालेय खेळाडूंची पाहणी केली. हे प्रशिक्षण न घेतलेल्या मुलींमध्ये गुडघ्याच्या गंभीर दुखापतींचं प्रमाण प्रशिक्षण घेतलेल्या मुलींच्या ३.६ पट निघालं.

सुरुवात अशी करता येते. साधारण फूटभर उंचीची भक्कम पायरी किंवा ओटा घ्यावा. खाली माती असावी, गुळगुळीत फरशी नको. मुलीने उडी न मारता फक्त पाऊल पुढे टाकून खाली यावं, दोन्ही पाय एकदम टेकतील असं. आधी चवडे, मग टाचा. कंबर मागे, छाती वर, गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत. तसंच तीन सेकंद थांबायचं. सरांनी किंवा जोडीदारणीने समोर उभं राहून फक्त गुडघे बघायचे आणि कान द्यायचा. ‘धप्प’ आवाज आला तर पुन्हा. आवाज जवळजवळ येईनासा झाला की मग दोन पायांवरची उडी, त्यानंतर स्मॅशची धाव घेऊन उडी. एका पायावर उतरणं अगदी शेवटी.

जोडीला बैठका आणि जोर हवेतच. मांडीच्या मागच्या बाजूसाठी मुलीने गुडघ्यांवर उभं राहावं, जोडीदारणीने तिचे घोटे घट्ट दाबून धरावेत आणि तिने पाठ सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकत जावं, अखेरीस हात टेकावेत. सुरुवातीला चार-पाच वेळा पुरे. असा सराव आठवड्यातून दोन-तीनदा, मध्ये एक दिवस सोडून करावा. लहान वयात वजन उचललं की उंची खुंटते, ही भीती घराघरांत आहे. जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, योग्य तंत्राने केलेल्या व्यायामाने असं होत नाही.

ताणाचे व्यायाम कधी करायचे यात गल्लत होते. सामन्याआधी मिनिट-दीड मिनिट एकच स्नायू ताणून धरला तर उडीचा जोर काही काळ थोडा कमी होतो. म्हणून आधी हलते व्यायाम करावेत : चालत बैठका, पाय झुलवणं, हात फिरवणं. सावकाश ताण सरावानंतर.

पडण्याचीही तालीम लागते. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये महिला व्हॉलीबॉल पहिल्यांदा आलं आणि जपानच्या मुलींनी सोव्हिएत संघाला हरवून सुवर्णपदक जिंकलं. बहुतेक जणी एका कापडगिरणीच्या संघातल्या. प्रशिक्षक दाइमात्सु यांनी त्यांना चेंडू उचलताना जमिनीवर लोळण घेऊन त्याच वेगात उभं राहायला शिकवलं होतं. मध्यरात्रीपर्यंत चालणारे त्यांचे सराव मात्र वाढत्या वयाच्या मुलींवर लादण्यासारखे नाहीत.

आणि पोटात काही नसेल तर यातलं काहीच लागू पडत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या ५९ टक्के मुली रक्तक्षयग्रस्त आढळल्या. शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी दर आठवड्याला घेतली जाते ना, याची खात्री संघाच्या सरांनी आणि बाईंनी करावी. मुलीला लवकर दम लागत असेल किंवा तीन-तीन महिने पाळी येत नसेल तर तो सरावाचा प्रश्न नाही, डॉक्टरांकडे जायला हवं.

पालकांना एकच विनंती. पुढच्या वेळी लेकीचा खेळ बघाल तेव्हा मोबाइलवर तिच्या उतरण्याचं समोरून चित्रण करा आणि सावकाश चालवून बघा. गुडघे आत येत असतील तर ओरडू नका, सरांना दाखवा. पुढच्या आठवड्यात सायकलच्या जुन्या ट्यूबने करायचे खांद्याचे व्यायाम.