‘एज्युकेशन’ घेतलंस, म्हणजे मास्तर होणार का?

डिग्रीला शिक्षणशास्त्र हा विषय घेतला की घरचे हेच विचारतात. मित्रांनो, उत्तर ‘हो’ असू शकतं, पण तेवढ्यावर भागत नाही. बी.एड. मुख्यतः शिकवायचं कसं ते सांगतं. शिक्षणशास्त्र त्याच्या आधीचे प्रश्न विचारतं. काय शिकवायचं, कोणत्या भाषेत, कुणाला, आणि हे ठरवतं कोण?

आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. औराद, भालकी, बसवकल्याण किंवा आळंद भागातलं एक मूल. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि दखनी. त्याला कुठल्या माध्यमात घालायचं? पालक एका शब्दात उत्तर देतात. या विषयाला मात्र तिथून इतिहासात शिरावं लागतं.

निजामाच्या राज्यात सरकारी कामकाज उर्दूत चाले. 1918 साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, तिथं तर वैद्यकशास्त्रसुद्धा उर्दूत शिकवत. म्हणून मराठी घरातली जुनी माणसंही उर्दू सहज वाचायची. मग 1 नोव्हेंबर 1956 ला हैदराबाद राज्याची वाटणी झाली. तोवर बीदर जिल्ह्यात असलेलं उदगीर मुंबई राज्यात गेलं, आणि बीदर, गुलबर्गा म्हैसूर राज्यात आले. माणसं जागच्या जागी राहिली, कचेरीची भाषा तेवढी बदलली.

त्याच वर्षी घटनेत कलम 350-अ आलं. भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं, यासाठी राज्यांनी सोय करावी असं ते सांगतं. कर्नाटक सरकारने 1994 साली पहिली ते चौथी मातृभाषा किंवा कन्नड माध्यम सक्तीचं केलं. खासगी शाळा कोर्टात गेल्या. 2014 मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की माध्यम निवडायचा हक्क पालकांचा, सरकारला ते लादता येणार नाही. पुढं 2015 च्या कायद्याने कन्नड हा विषय म्हणून शाळांमध्ये सक्तीचा झाला. माध्यम वेगळं आणि विषय वेगळा! चर्चेत ही दोन्ही हमखास एकत्र कालवली जातात.

आता मानसशास्त्र. लेव्ह व्हायगॉट्स्की या रशियन अभ्यासकाच्या मते भाषा हे मुलाचं विचार करायचंच साधन असतं. तेव्हा वर्गात गप्प बसलेलं मूल ‘ढ’ आहे, की प्रश्नाची भाषाच त्याला परकी आहे? हा फरक ज्या शिक्षकाला कळत नाही तो मुलाला नापास करून मोकळा होतो. आणि पुस्तकातली प्रमाण मराठीसुद्धा आपल्या सीमाभागातल्या मुलाला निम्मी परकीच वाटते, हे कुणी फारसं बोलत नाही.

राहिलं समाजशास्त्र. जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. सरकारचा महसूल बहुतेक शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गावर होतो, हे त्यांनी स्पष्ट मांडलं. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, असंही सुचवलं. तोच हिशेब आज आपल्या तालुक्यात मांडून बघा. फी परवडणारी मुलं कुठं जातात, आणि गावच्या मराठी शाळेत कोण उरतं? माझ्या मते या विषयाचा खरा कस इथंच लागतो. पालकांना निवडीचा हक्क आहे हे बरोबर, पण ज्याच्या गावात एकच शाळा आहे त्याने निवडायचं काय?

पहिल्या सेमिस्टरच्या प्रकल्पासाठी लांब जायला नको. कोळारातल्या एखाद्या घरात आजोबा, वडील आणि नातू यांना विचारा, तुम्ही गणिताचे पाढे कोणत्या भाषेत पाठ केले? तिघांची उत्तरं वहीत शेजारी-शेजारी लिहून आणा.