घरबसल्या वेबसाइट : भाग १४ : पाकळ्यांचा ल

या आठवड्यात कोटेशन कसं लिहायचं ते सांगायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या वेळी. मध्येच ओहायोहून एका ताईंचं पत्र आलं आणि त्यांचा प्रश्न इतका माझ्या जिव्हाळ्याचा निघाला, की तो बाजूला सारून पैशांविषयी लिहिणं मला जमेना.

ताई रविवारच्या मराठी शाळेत शिकवतात. या मालेचे सुरुवातीचे भाग वाचत वाचत त्यांनी शाळेची वेबसाइट स्वतः उभी केली. वेळापत्रक आहे, प्रवेशाचा फॉर्म आहे, भारती विद्यापीठाच्या परीक्षेची माहिती आहे. गेल्या रविवारी वर्गातल्या आठ वर्षांच्या एका मुलीनं विचारलं, ‘‘टीचर, वेबसाइटवरचा ल आपल्या पुस्तकातल्यासारखा का नाही?’’ ताईंनी नीट पाहिलं, तर खरंच! पुस्तकातला ल दोन पाकळ्यांचा. वेबसाइटवरच्या ल ला उजवीकडे उभी दांडी. शाळेतला श सुद्धा निराळा. ताई विचारतात, फाँट चुकला का?

फाँट बहुधा बरोबर आहे. ही वेबसाइट मराठी आहे, हे ब्राउझरला कुणी सांगितलेलंच नाही.

युनिकोडमध्ये अक्षराला क्रमांक असतो, आकार नसतो. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तेव्हापासून देवनागरीला १२८ जागांचा एक गट मिळालेला आहे. मराठी, हिंदी, नेपाळी, संस्कृत सगळ्यांनी तोच वापरायचा. म्हणजे पुण्याचा ल आणि पाटण्याचा ल यांचा क्रमांक एकच. तो दिसावा कसा, हे फाँट ठरवतो. चांगल्या फाँटमध्ये दोन्ही आकार ठेवलेले असतात. पण मराठी आकार बाहेर काढण्यासाठी त्याला भाषा कळावी लागते. ती कळते पानाच्या सुरुवातीच्या एचटीएमएलच्या खुणेवरून. तिथे ‘लँग’ नावाचा गुणधर्म असतो, आणि अमेरिकेत वर्डप्रेस बसवलं की तिथे अमेरिकी इंग्रजी लिहून येतं. पानभर मराठी मजकूर आणि माथ्यावर इंग्रजीची पाटी! मग फाँट आपला नेहमीचा, दांडीचा ल काढून देतो.

उपाय पाच मिनिटांचा आहे. वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये साइटची भाषा मराठी करा. त्या खुणेत ‘एमआर’ आपोआप येईल. त्यानं आतला डॅशबोर्डही मराठी होतो, आणि समितीतल्या काहींना ते अवघड जातं. त्यांनी आपापल्या प्रोफाइलमध्ये इंग्रजी निवडावी, २०१६ पासून ती सोय आहे. पान द्विभाषिक असेल, तर सगळं पान इंग्रजी ठेवून मराठी मजकुराच्या डिव्हला तेवढी ‘एमआर’ची खूण द्या. एवढं करूनही ल बदलला नाही, तर मात्र त्या फाँटमध्ये मराठी आकारच नाही. तो बदला.

ही खूण केवळ दिसण्यापुरती नाही. स्क्रीन रीडर हीच खूण पाहून आवाज निवडतो. मुलांना शाळेत सोडायला येणाऱ्या आजोबांची नजर कमी झाली असेल आणि ते फोनकडून पान वाचून घेत असतील, तर इंग्रजीची खूण असलेलं मराठी पान त्यांच्यापर्यंत धड पोचेलच याची खात्री नाही. कामाचं मानधन कितीही कमी असो, ही खूण न देता मी साइट हाती सोपवत नाही.

आता ल वरून ऱ्य वर येतो. हा घाव माझ्या स्वतःच्या अंगावरचा आहे.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी इथे न्यू जर्सीत लग्नकार्याची जेवणं करणाऱ्या एका कुटुंबाची साइट मी केली. मजकूर त्यांनी वर्डच्या फाइलमध्ये दिला होता, शुद्धलेखन चोख. मी तो साइटवर चढवला आणि बिल पाठवलं. आठवड्यानं त्यांच्या आईंचा पुण्याहून फोन. ‘‘अहो, आमच्याकडे आचार्य कुठून आले?’’ मूळ वाक्य होतं, ‘आमच्या आचाऱ्यांना पन्नास वर्षांचा अनुभव आहे.’ साइटवर झालं होतं, ‘आमच्या आचार्यांना’. स्वयंपाकघरातली माणसं थेट गुरुकुलात जाऊन बसली होती. खाली सहलीच्या डब्यांची जाहिरात होती. तिच्यात सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या झाला होता.

कारण शोधायला मला दोन रात्री लागल्या. हा अर्धा, आडवा र दोन रीतींनी टाइप होतो. एकीत खाली टिंब असलेला ऱ वापरतात, त्याला हलन्त जोडतात आणि पुढे य. दुसरीत साधा र, हलन्त, मग एक न दिसणारं जोडचिन्ह आणि पुढे य. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. ते जोडचिन्ह गळलं, की र उडी मारून य च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. मी मजकूर चढवायला वापरलेली सोय ‘अदृश्य कचरा’ साफ करत होती, आणि तिच्या लेखी आमचं जोडचिन्ह हा कचराच होता. तेव्हापासून मी टिंबाचा ऱ च वापरतो. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर तो र च्याच कळीवर शिफ्ट दाबून मिळतो. कुणाचाही मजकूर आला, की आधी सगळे ऱ्य आणि ऱ्ह एकाच पद्धतीचे करून घेतो, मगच पुढचं काम.

ॲ चंही असंच. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली २००८ साली. त्याआधी लोक अ वर चंद्र चढवून भागवत, आणि जुन्या फाइलींत अजूनही तसंच आहे. डोळ्यांना फरक दिसत नाही, क्रमांक मात्र वेगळे. पालकानं शोधपेटीत ‘ॲडमिशन’ टाइप केलं आणि पान सापडलं नाही, तर हे आधी तपासा.

ताईंनी पत्राच्या शेवटी आणखी एक विचारलं होतं : पानाचा पत्ता मराठीत ठेवला आणि लिंक ईमेलमध्ये चिकटवली, तर ती टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ का होते? ‘मराठी’ या शब्दात काना आणि वेलांटी धरून पाच क्रमांक आहेत. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक क्रमांकाला तीन बाइट लागतात, म्हणजे पंधरा. लिंकमध्ये दर बाइटची तीन चिन्हं होतात, म्हणजे पंचेचाळीस. पानाचं नाव मराठीत ठेवा, पत्ता रोमन लिपीत लिहा.

हे यूटीएफ-८ जन्मलं माझ्या घरापासून फार लांब नाही. मरे हिलला बेल लॅब्ज आहे. सप्टेंबर १९९२ मध्ये तिथले केन थॉम्पसन आणि रॉब पाइक न्यू जर्सीतल्या एका डायनरमध्ये जेवायला बसले असताना थॉम्पसन यांनी ताटाखालच्या कागदावर ही पद्धत मांडली. युनिक्स घडवणाऱ्यांपैकी एक ते हेच. इंग्रजीला पूर्वीसारखाच एक बाइट, बाकीच्या लिप्यांना गरजेप्रमाणे जास्त, आणि मधूनच वाचायला घेतलं तरी अक्षर कुठे सुरू होतं ते कळतं. काही दिवसांत त्यांची प्लॅन नाइन ही सगळी यंत्रणा त्यावर चालू लागली. आज एडिसनमधून कोल्हापूरला गेलेला मराठी मेसेज शाबूत पोचतो, त्यात त्या कागदाचा वाटा आहे. रस्त्याकडेचा डायनर दिसला की मला दर वेळी ते आठवतं.

आणि दुसऱ्या टोकाला आपले र. कृ. जोशी. कवी, सुलेखनकार, आयआयटी मुंबईत शिकवणारे. विंडोज २००० बरोबर जो मंगल फाँट आला, तो त्यांच्या हातचा. त्याआधी मराठी साइट वाचायची तर त्या त्या साइटचा फाँट आधी उतरवून घ्यावा लागे, आणि नसला तर पडद्यावर रोमन अक्षरांची खिचडी. जोशी गेले २००८ साली, सॅन फ्रान्सिस्कोत असताना. त्यांच्यावर एक आख्खा भाग लिहायचं माझ्या मनात आहे.

ताईंच्या साइटवर आणखी दोन गोष्टी दिसल्या, त्या लगेच सांगतो. मथळ्यांत अक्षरांमधलं अंतर वाढवलंय. इंग्रजीत ते शोभतं, मराठीत शिरोरेघ तुटते. ते शून्य करा. आणि ओळींमधली जागा अक्षराच्या दीडपट तरी हवी, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो.

फाँट निवडताना मी एकच वाक्य टाकून पाहतो, अनेक वर्षांत हळूहळू जमवलेलं : ‘लोणावळ्याच्या दऱ्याखोऱ्यांत वऱ्हाडी आचाऱ्यांनी ॲल्युमिनियमच्या ताटलीत शाळेच्या आचार्यांना शेंगदाण्याची कुरकुरीत चिक्की वाढली.’ आधी लॅपटॉपवर, मग आयफोनवर, मग स्वस्तातल्या अँड्रॉइडवर. आचारी आणि आचार्य तिन्हीकडे आपापल्या जागी राहिले, ल ला पाकळ्या आल्या आणि शिरोरेघ अखंड दिसली, की तो फाँट ठेवतो.

या तपासणीला मला साधारण तीन तास लागतात. ‘मराठी मजकुराची तपासणी’ अशी स्वतंत्र ओळ घालून मी ते कोटेशनमध्ये लावतो. ती कुठे घालायची आणि कुणी ती खोडायला सांगितली तर काय उत्तर द्यायचं, हे पुढच्या आठवड्यात, राहिलेल्या कोटेशनबरोबर. ताई, तोवर त्या मुलीला नवा ल दाखवा आणि ती काय म्हणाली ते मला कळवा.