कुरटे बेटाची नौकासफर : सागराची पुंजी आणि तिचा जपून वापर

मालवण बंदरासमोरील कुरटे बेटावर छत्रपती शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बांधकामास प्रारंभ केला. सुमारे ४८ एकरांवर पसरलेल्या या जलदुर्गास जावयाचे तर होडीवाचून दुसरा मार्ग नाही. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांत सिंधुदुर्गही आहे. त्यामुळे या बेटाकडे येणाऱ्या पर्यटकांचा ओघ वाढणार, हे उघड आहे.

तथापि, या बेटाचे वैभव केवळ तटबुरुजांत सामावलेले नाही. भोवतालच्या खडकांवर पोवळ्यांची वसाहत आहे. पोवळे हा दगड नव्हे. ते असंख्य सूक्ष्म जीवांनी उभारलेले घर असून त्याची वाढ अतिशय मंद असते. अशा खडकांच्या आश्रयाने तांबोशी, गोबरा यांसारखे मासे वाढतात. म्हणूनच १९८७ साली येथील २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून घोषित करण्यात आले. सिंधुदुर्ग व पद्मगड यांचा परिसर त्याच्या गाभा क्षेत्रात मोडतो. अभयारण्याच्या निर्बंधांमुळे आपली मासेमारी हातची जाईल, अशी धास्ती स्थानिक मच्छीमारांना वाटत आली आहे. ती समजून घेतल्याखेरीज येथे कोणतीही योजना रुजणे कठीण आहे.

नौकासफर हा या प्रश्नावरील एक मार्ग होऊ शकतो. समुद्राची जाण असलेला तांडेल हाच उत्तम मार्गदर्शक होय. कोणत्या भरतीला खडक झाकले जातात, वारा केव्हा फिरतो आणि माशांचा थवा कोठे लागतो, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. पर्यटकांना गळाने मासेमारी करू द्यावी, लहान मासे जिवंत सोडून द्यावेत आणि किनाऱ्यावर रापण ओढण्यात त्यांना सहभागी करून घ्यावे. होडीने अर्धवर्तुळाकार सोडलेल्या जाळ्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून अनेक हातांनी ओढण्याची ही पद्धत सहकाराचा वस्तुपाठच आहे.

मात्र अविचाराने केलेली सफर आपल्याच पोटावर पाय आणते. खडकावर टाकलेला नांगर एका क्षणात पोवळे मोडतो. पाण्यात उतरलेला पर्यटक त्यावर उभा राहिला, तरी तीच हानी होते. यावर उपाय साधा आहे. ठरावीक जागी कायमचे बोये बसवून होड्या त्यांनाच बांधाव्यात. पोवळ्यांना हात लावू नये व माशांना पाव-बिस्किटे घालू नयेत, हे होडीत बसण्यापूर्वीच सांगावे. पोवळ्यांना आणि डॉल्फिनना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. डॉल्फिनच्या मागे होडी पिटाळणे म्हणूनच अनुचित ठरते.

सुरक्षिततेबाबत तर तडजोड नकोच. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरी बेटाकडे निघालेल्या प्रवासी बोटीला एका वेगवान बोटीची धडक बसून मोठी जीवितहानी झाली. किनारा जवळ असला म्हणून समुद्र निर्धोक होत नाही, हा त्या दुर्घटनेचा धडा आहे. परवान्यातील प्रवासीसंख्या ओलांडू नये आणि प्रत्येकाने जीवरक्षक जाकीट प्रत्यक्ष अंगात घालावे. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असते. यांत्रिक नौकांच्या मासेमारीवरही १ जून ते ३१ जुलै बंदी असते. हा काळ अनेक माशांच्या विणीचा असल्याने त्यातील विश्रांती पुढील हंगामाची बेगमीच होय.

तारकर्ली, देवबाग यांसारख्या किनारी ग्रामपंचायतींना या कामी पुष्कळ करता येईल. परवानाधारक होड्यांची यादी व दरपत्रक धक्क्यावर लावणे, कचरा परत आणण्याची सक्ती करणे आणि बोटचालक व रापणकर संघ यांची हंगामापूर्वी एकत्र बैठक घेणे, यांस फार खर्च लागत नाही. शिक्षकांनीही मुलांना ओहोटीच्या वेळी खडकांवरील जीवसृष्टी दाखवावी. तीच मुले उद्याचे तांडेल होणार आहेत. खडकाखालची पोवळी शाबूत राहिली, तरच त्यांना दाखवायला आणि जाळ्यात यायलाही काही उरेल.