ट्रकच्या गिअरबॉक्सचे तेल : कोणते घालावे, कधी बदलावे?

ऊस तोडला की तो वाळायला लागतो. वजन घटते आणि साखरही घटते. म्हणून तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गव्हाणीत पडावा, असे आपण नेहमी म्हणतो. पण भरलेला ट्रक फडाच्या तोंडाशीच अडकून बसला तर? इंजिन चालू आहे, टायर धड आहेत, पण गिअर काही पडत नाही. अशा वेळी नुकसान एकट्या गाडीमालकाचे होत नाही. ज्याचा ऊस त्या गाडीत आहे, त्या सभासदाचेही होते.

इंजिनचे तेल आपण रोज काडी ओढून पाहतो. गिअरबॉक्सकडे मात्र आवाज आल्याशिवाय कोणी बघत नाही. आवाज येईपर्यंत थांबले की काम तेलावर भागत नाही, बेअरिंग आणि दात्यांवर जाते. म्हणून या तेलाविषयी चार गोष्टी येथे देत आहोत.

नंबर म्हणजे घट्टपणा

दुकानात जाऊन आपण म्हणतो, "नव्वद नंबर द्या." हा नंबर फक्त तेलाचा घट्टपणा सांगतो. इंजिनच्या तेलाचे ४० आणि गिअरचे ९० यांची मोजपट्टीच वेगळी आहे. १०० अंश सेल्सिअसला ९० नंबरचे गिअर ऑईल साधारण इंजिनच्या ४० ते ५० नंबर तेलाइतकेच घट्ट असते. तेव्हा ९० म्हणजे दुप्पट घट्ट, हा समज चुकीचा आहे.

८०डब्ल्यू-९० असे लिहिलेले असेल तर ते तेल थंडीत लवकर वाहते आणि तापल्यावर ९० चे काम देते. गळीत हंगाम ऐन थंडीत चालतो, पहाटे गाडी सुरू करावी लागते. अशा वेळी ते उपयोगी पडते.

"लोड जास्त आहे, १४० टाका," असा सल्ला पुष्कळदा मिळतो. पुस्तिकेत लिहिले नसेल तर तो ऐकू नये. फार घट्ट तेल अरुंद बुशांत वेळेवर पोचत नाही, थंडीत गिअर जड पडतो आणि तेल घुसळण्यातच उष्णता वाढते.

दर्जा म्हणजे आतले औषध

नंबराइतकाच, किंबहुना त्याहून महत्त्वाचा आहे तो दर्जा. डब्यावर 'जीएल-४' किंवा 'जीएल-५' असे छापलेले असते. दोन्ही तेलांत गंधक-फॉस्फरसयुक्त औषध असते. जबर दाबाखाली ते पोलादी दात्यांवर पातळ थर धरते आणि दात्याला दाता घासू देत नाही. जीएल-५ मध्ये हे औषध सुमारे दुप्पट असते. मागच्या धुऱ्यातल्या क्राऊन-पिनियनला ते लागतेच.

पण जास्त औषध म्हणजे जास्त चांगले, असे गिअरबॉक्सला म्हणता येत नाही. सिंक्रोमेश गिअरबॉक्समध्ये बहुधा पितळी रिंगा असतात. रिंग कोनाला घट्ट धरते, दोन्हींचा वेग सारखा होतो आणि मग गिअर अलगद पडतो. तेल फार निसरडे झाले की रिंगेची पकड सुटते आणि गिअर करकरतो. शिवाय तीव्र गंधक पितळाला खाते. जुन्या गाड्यांत डबल क्लच मारून गिअर टाकावा लागे, तिथे या रिंगाच नव्हत्या. म्हणून जुन्या मिस्त्रींची सवय नव्या गाडीला लावून चालत नाही.

तात्पर्य, धुऱ्याचे आणि गिअरबॉक्सचे तेल एकाच डब्यातून ओतू नये. गाडीची पुस्तिका जो नंबर आणि जो दर्जा सांगेल, तोच घ्यावा. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांपैकी कित्येकांना लांब मुदतीचे सिंथेटिक तेल लागते. त्यात स्वस्ताचे तेल ओतून ती मुदत धरू नये. ट्रॅक्टरला तर हे नियम लावूच नयेत, कारण तिथे गिअर, धुरा आणि हायड्रॉलिक यांना बरेचदा एकच खास तेल असते.

पोंभुर्ण्याकडचे भाडे घेतले तर

हंगाम आटोपला की ट्रक उभा ठेवून हप्ता फिटत नाही. गाडी मिळेल ते भाडे घेते. ते चंद्रपूर जिल्ह्यात पोंभुर्ण्याकडचे, धानाचे किंवा बांबूचे असले, तर तेलाची खरी कसोटी लागते. त्या भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. भरलेली गाडी खालच्या गिअरमध्ये चालली की आतले तेल हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. तापमान साधारण १० अंशांनी वाढले की तेल खराब होण्याचा वेग दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे.

पुढे पावसाळ्यात दुसरी अडचण येते. नाला ठेंगण्या पुलावरून वाहतो आणि गरम गाडी त्या पाण्यात शिरते. गिअरबॉक्स एकदम गार पडतो, आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढले जाते. मग तेल ताकासारखे पांढुरके दिसते. शंका असेल तर जुन्या तव्यावर जरा लांबून एक थेंब टाकावा. तडतडला तर पाणी आहे. असे तेल मुदत न बघता बदलावे. पुस्तिकेत खडतर वापरासाठी वेगळी मुदत दिली असेल, तर आपल्यासाठी तीच खरी.

तेल बदलण्याची रीत

१. गाडी थोडी चालवून आणावी. कोमट तेल गाळासकट निघते. सपाट जागी उभी करून चाकांना उटी लावावी.

२. आधी भरण्याचा नट खोलून पाहावा, मगच खालचा. वरचा जाम निघाला आणि खालून तेल गेले, तर गाडी जागेवरच अडकते.

३. पूर्ण निथळू द्यावे. खालच्या नटाला लोहचुंबक असेल तर तो पाहावा. करडा लगदा चालतो. पण लोखंडाचे टोकदार तुकडे दिसले तर गिअरबॉक्स उघडावाच लागेल. तेलात सोनेरी चमक म्हणजे पितळी रिंगा झिजत आहेत.

४. ब्रीदर साफ करावा. तो बुजला की आत दाब वाढतो आणि तेल सीलमधून बाहेर येते.

५. नवा वॉशर टाकून खालचा नट बसवावा. तेल सीलबंद डब्यातलेच घ्यावे.

६. बहुतेक गाड्यांत भरण्याच्या भोकाच्या काठाला तेल लागले की पुरे. जास्त भरले तर फेस होतो आणि सील फुटून तेल क्लच प्लेटवर जाते.

७. तारीख आणि किलोमीटर वहीत लिहून ठेवावेत.

आवाज दाबण्यासाठी तेलात लाकडाचा भुसा किंवा ग्रीस घालणारे अजून भेटतात. आवाज चार दिवस दबतो, बेअरिंग मात्र कायमचे जाते.

टोचन लावताना

बहुतेक गिअरबॉक्समध्ये तेलाचा पंप नसतो. खालचा शाफ्ट फिरताना तेल उडवतो, तेवढेच वरच्या भागांना मिळते. गाडी बंद पडली आणि टोचन लावून मागच्या चाकांवर ओढली, तर वरचा शाफ्ट फिरतो पण खालचा थांबलेला असतो. वरचे बुश कोरडे चालून जळतात. म्हणून लांब ओढायची असेल तर आधी प्रॉपेलर शाफ्ट सोडावा. उतारावर इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये गाडी सोडू नये, त्याचेही हेच कारण आहे; ब्रेकचा धोका तर वेगळाच.

काढलेले तेल पाटात किंवा नाल्यात ओतू नये. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेले तेल येते. डब्यात साठवून अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच द्यावे.

सभासद बंधूंनो, बॉयलर पेटण्यापूर्वी प्रत्येक वाहनमालकाने एवढे एक काम उरकून घ्यावे, अशी आमची विनंती आहे. आणि ज्यांचा ऊस त्या गाडीत जाणार आहे, त्यांनीही करार करताना सहज विचारावे : "गिअरबॉक्सचे तेल कधी बदलले?"