विश्लेषण : कामवारीवरची जलपर्णी काढली तरी परत का येते?

भिवंडीत नदीनाक्याच्या पुलावरून खाली पाहिले, तर कोरड्या महिन्यांत अनेकदा कामवारीचे पाणी दिसत नाही. दिसते ती जलपर्णी. चकचकीत गोल पाने, फुगीर देठ आणि मध्येच जांभळे तुरे. रील काढायला झकास, पण नदीसाठी तितकीच वाईट. कामवारी असो, उल्हास असो की पुण्याकडची पवना, गोष्ट सगळीकडे सारखीच आहे. जलपर्णी काढण्याची मागणी होते, ती काढली जाते आणि काही महिन्यांत नदी पुन्हा हिरवी होते. मग दोष कोणाचा यावर राजकारण रंगते. पण ती परत का येते, याचे उत्तर राजकारणापेक्षा जीवशास्त्रात जास्त सापडते. पर्यावरणशास्त्राच्या पुस्तकात परिसंस्था, उत्क्रांती आणि जैवविविधता ही तीन वेगळी प्रकरणे असतात. कामवारीवर ती तिन्ही एकाच वनस्पतीत भेटतात.

ही वनस्पती मूळची कुठली?

दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातली. तिथे पुराच्या काळात पाण्याची पातळी काही ठिकाणी दहा मीटरहून अधिक चढते आणि नंतर तेवढीच उतरते. तळाच्या चिखलात मुळे घट्ट रोवून बसणारी वनस्पती अशा ठिकाणी बुडून जाईल. जी रोपे तरंगू शकली ती तगली, त्यांची संतती वाढली. हजारो पिढ्या हीच चाळणी लागत गेली, की उत्क्रांती घडते. जलपर्णीचा देठ दाबून पाहा, आत स्पंजासारखी हवा भरलेली असते. मुळे पाण्यात मोकळी लोंबतात. आडवे खोड फुटून शेजारी नवे रोप तयार होते आणि तुटून वाहत गेले, तर तिथे नवी वसाहत.

पण उत्क्रांती एकट्या रोपाची होत नाही. जलपर्णीसोबत तिला खाणारे किडेही त्याच खोऱ्यात घडत गेले. काही भुंगे तर जवळपास फक्त हिच्यावरच जगतात. त्यामुळे मायदेशी तिला कायम लगाम असतो. आपल्याकडे ती १९व्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये शोभेची वनस्पती म्हणून आली. तिचे शत्रू मात्र मागेच राहिले. पुढे तिने भातशेती आणि जलमार्ग असे अडवले, की १९३६ मध्ये बंगालमध्ये तिच्याविरुद्ध खास कायदा करावा लागला. एका फुलझाडासाठी कायदा! परदेशी प्रजातींवर संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्याने चालणाऱ्या आंतरसरकारी तज्ज्ञगटाने २०२३ मध्ये अहवाल दिला. त्यात जगात सर्वाधिक पसरलेली आक्रमक परदेशी प्रजाती म्हणून जलपर्णीचेच नाव आहे. दुसऱ्या क्रमांकावरची घाणेरीही आपल्या ओळखीची. कोणत्याही डोंगराच्या पायथ्याशी तिची काटेरी झुडपे दिसतात.

तिला खायला कोण घालते?

आपणच. साबण, सांडपाणी, शेणमूत आणि शेतातल्या खतांतून नायट्रोजन व फॉस्फरस नदीत येतात. वनस्पतीसाठी ते चक्क खत आहे. पाण्यात खताचा असा अतिरेक झाला, की त्याला सुपोषण म्हणतात. शब्द छान वाटतो, पण नदीसाठी तो आजार आहे.

भिवंडीत याला आणखी एक पदर आहे. लूमवर सूत तुटू नये म्हणून साइझिंगमध्ये ताण्याला खळ लावतात. कापड रंगवण्याआधी ती खळ धुऊन काढावी लागते. म्हणजे डाइंग-प्रोसेसिंगच्या पाण्यात रंग तर दिसतोच, पण न दिसणारा स्टार्चही भरपूर असतो. तो जलपर्णीचे खत नव्हे, तो जिवाणूंचे जेवण आहे. जिवाणू तो खाताना पाण्यातला प्राणवायू वापरतात. प्रदूषण मंडळाच्या अहवालात ‘बीओडी’ हा आकडा असतो, तो नेमके हेच सांगतो : पाण्यातील घाण पचवायला जिवाणूंना किती प्राणवायू लागेल. पाण्याचा रंग पाहून लोक घाबरतात. माझ्या मते घाबरावे ते या आकड्याला. पूर्ण पारदर्शक पाण्याचाही बीओडी भयंकर असू शकतो.

अनुकूल स्थितीत जलपर्णी एक ते दोन आठवड्यांत दुप्पट होते. गणित करून पाहा. दहा दिवसांत दुप्पट धरली, तर आज पात्राचा आठवा हिस्सा झाकलेला असताना ‘अजून बरीच नदी मोकळी आहे’ असे वाटते. दहा दिवसांनी पाव, वीस दिवसांनी निम्मी आणि महिन्याभरात संपूर्ण. निविदा निघून यंत्र पाण्यात उतरेपर्यंत काम आठपट झालेले असते.

हिरवी झाली तर बिघडले काय?

झाडे प्राणवायू देतात, मग नदीवर झाडे असणे चांगलेच, असे अनेकांना वाटते. पण जलपर्णी आपला प्राणवायू हवेत सोडते, पाण्यात नव्हे. उलट तिच्या छताखाली ऊन पोहोचत नाही. त्यामुळे पाण्यातले शेवाळ व बुडालेल्या वनस्पती प्राणवायू बनवू शकत नाहीत. वाराही पृष्ठभाग ढवळू शकत नाही. मेलेली पाने तळाशी कुजतात आणि उरलासुरला प्राणवायू संपवतात.

बहुतेक माशांना लिटरमागे साधारण चार-पाच मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू लागतो. तो घसरला, की आधी नाजूक मासे जातात, मग बाकीचे. टिकतात ते वरची हवा घेऊ शकणारे. मरळ त्यातलाच. थाई मांगूरही त्यातलाच; त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवा शोषणारा खास अवयव असतो, त्यामुळे तो गटारासारख्या डबक्यातही वाढतो. हा परदेशी मासा स्थानिक मासे खाऊन टाकतो म्हणून देशात त्याच्या पालनाला बंदी आहे. तरी ठाणे जिल्ह्यात त्याच्या बेकायदा तळ्यांवर वेळोवेळी कारवाई करावी लागली आहे. घाण पाणी कोणाला आत घेते आणि कोणाला बाहेर काढते, हे यावरून कळावे.

पावसाळ्यात आणखी एक त्रास होतो. वाहून आलेले जलपर्णीचे ढीग पुलाच्या खांबांना आणि मोऱ्यांना अडकतात, पाणी तुंबते आणि ते काठावरच्या सखल वस्त्यांत शिरते.

एकाच रोपाच्या नकला

जैवविविधता म्हणजे वाघ, बिबट्या आणि फुलपाखरांची यादी, असा समज आहे. प्रत्यक्षात ती तीन पातळ्यांवर मोजतात : परिसंस्थांची विविधता, प्रजातींची विविधता आणि एकाच प्रजातीतली जनुकीय विविधता. तिसरी सहसा विसरली जाते.

जलपर्णी बियांनीही वाढते, पण तिचा मुख्य भर स्वतःच्या नकला काढण्यावर असतो. जगभरातल्या नमुन्यांच्या जनुकीय तपासणीत दिसले, की मायभूमीबाहेर पसरलेली बरीचशी जलपर्णी जवळपास एकाच जनुकीय साच्याची आहे. म्हणजे पुलावरून दिसणारी लाखो रोपे बहुधा लाखो व्यक्ती नसून एकाच व्यक्तीच्या प्रती असतात. विविधता नसलेली प्रजाती दुबळी असते, असे पुस्तक सांगते. मग ही जिंकते कशी? कारण इथे तिची परीक्षाच होत नाही. खत फुकट, शत्रू गैरहजर.

परीक्षा होते ती खाडीत. कामवारी पुढे खाडीला मिळते आणि खारे पाणी जलपर्णीला सोसत नाही. जिथे ती संपते तिथे खारफुटी सुरू होते. तिवराची पाने जादा मीठ बाहेर टाकतात, त्याची श्वसनमुळे चिखलातून पेन्सिलीसारखी वर येतात. त्याच चिखलात निवटे कल्ले आणि ओल्या त्वचेतून श्वास घेत चक्क उड्या मारत फिरतात. आगरी-कोळी घरांत त्यांचे कालवण होते, उत्क्रांतीचा धडा ताटात! खाडीतही प्राणवायूची टंचाई असतेच, पण ती लाखो वर्षे जुनी आहे. तिथल्या जीवांना बदलायला वेळ मिळाला. कामवारीतल्या माशांना काही दशकेच मिळाली.

तिचा शत्रूच आणला तर?

आणला आहे. जलपर्णीवर जगणारे नीओकेटिना जातीचे भुंगे १९८२-८३च्या सुमारास भारतात आणले गेले. ते दुसरे काही खातात का, हे तपासून मगच बंगळूरुजवळ सोडले. मणिपूरच्या लोकटाक सरोवरात त्यांनी चांगले काम केले. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात १९९०च्या दशकाच्या मध्यापासून ते सोडले आणि काही वर्षांत जलपर्णी झपाट्याने घटली. त्यात हवामानाचाही हात होता. मात्र केनियाच्या बाजूच्या आखातात ती पुढे परतली, कारण खत येतच होते.

भुंग्यांना वेळ लागतो, वर्षानुवर्षे. खताने तट्ट भरलेल्या पाण्यात रोप भुंग्याच्या भुकेपेक्षा जोरात वाढते. शिवाय दर वर्षी यंत्राने जलपर्णी उपसली, की तिच्यासोबत भुंगेही ट्रकमध्ये जातात.

मग उपसायची की नाही?

उपसायला हवीच, पण इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी शिकवतात तो हिशेब डोक्यात ठेवून : आत किती आले, बाहेर किती गेले. जलपर्णीने पाण्यातला नायट्रोजन-फॉस्फरस स्वतःत साठवलेला असतो. ती काठावरच ढीग करून ठेवली, तर कुजून सगळे खत पहिल्या पावसात पुन्हा नदीत जाते. तणनाशक फवारले, तर ती तिथेच बुडून कुजते आणि प्राणवायू आणखी खाते. म्हणून ती लांब न्यायला हवी आणि तेही फुले येण्याआधी, कारण तिच्या बिया तळाच्या गाळात पंधरा-वीस वर्षे जिवंत राहू शकतात. आज एकही रोप शिल्लक ठेवले नाही, तरी गाळातले बियाणे उरतेच.

काढलेल्या जलपर्णीचे खत करावे, बायोगॅस करावा, आसामसारख्या टोपल्या विणाव्यात, असे सल्ले बरेच मिळतात. नदीत फक्त घरगुती सांडपाणी असेल तर ते ठीक. पण ही वनस्पती पाण्यातले जड धातूही शोषून मुळांत साठवते. ज्या नदीत कारखान्यांचे पाणी येते, तिथली जलपर्णी गुरांना घालण्याआधी किंवा तिचे खत भाजीच्या वाफ्यात टाकण्याआधी प्रयोगशाळेत तपासून घ्यावी लागेल.