‘९० टक्के कर्मचारी समाधानी’: हा आकडा कसा तपासायचा?

नोकरी शोधताना कंपनीची जाहिरात दिसते: ‘आमचे ९० टक्के कर्मचारी समाधानी, इथे भेदभाव नाही.’ वाचून बरं वाटतं. पण आधी विचारा, ९० टक्के म्हणजे कुणाचे?

समजा, कंपनीत ५०० माणसं आहेत. फॉर्म भरला ६० जणांनी आणि त्यातले ५४ खूश निघाले. झाले ९० टक्के! बाकीचे ४४० काय म्हणतात, ते कळलंच नाही. कंत्राटी कामगार आणि नोकरी सोडून गेलेले तर बहुतेक वेळा मोजलेच जात नाहीत.

दुसरी गोष्ट, नाव गुप्त होतं का? फॉर्म साहेबांच्याच टेबलावर जाणार असेल, तर मनातलं कोण लिहील?

तिसरी, बोलणं आणि वागणं वेगळं असू शकतं. ‘आम्ही फक्त गुणवत्ता बघतो’ असं सगळेच सांगतात. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावं वेगळी ठेवली. २००७ साली छापलेल्या या अभ्यासात मुस्लिम आणि दलित नावांना उच्चवर्णीय हिंदू नावांपेक्षा कमी बोलावणी आल्याचं दिसलं. हा अभ्यास भरतीपुरता होता, पण नुसतं मत विचारून हे कळलं नसतं.

मात्र कच्च्या सर्व्हेवरून कंपनी वाईट ठरत नाही. व्हॉट्सॲपवर ‘आपले ९० टक्के लोक नाराज’ असा आकडा आला, तरी हेच तीन प्रश्न विचारा. आकडा आपल्या बाजूचा असला तरी सूट नको.