गुडघेबदल आणि यंत्राचा हात



ऊसनोंदीसाठी गटात फिरताना वडीलधारे सभासद हल्ली आम्हाला विचारतात, "साहेब, गुडघ्याचं ऑपरेशन आता रोबो करतो म्हणे, खरं का?" डॉक्टरकी आमचा विषय नव्हे, पण उसाच्या बिलाचा पैसा त्यात जातो, म्हणून समजून घेतले ते थोडक्यात देत आहोत.

सांध्यातील गादी झिजली की हाडावर हाड घासते. ऑपरेशनमध्ये मांडीच्या व नडगीच्या हाडांची झिजलेली टोके कापून त्यांवर धातूचे भाग बसवितात, मध्ये प्लॅस्टिकची चकती घालतात. काप तिरका गेला तर पाय वाकडा बसतो.

जुन्या पद्धतीत छेद साधारण ८ ते १० इंच. लहान छेदाच्या पद्धतीत ४ ते ६ इंच. छेद लहान म्हणजे स्नायूंना इजा कमी, पण डॉक्टरांना आतलं दिसतंही कमी. तेथे यंत्र उपयोगी पडते.

'माको' या यंत्राला अमेरिकेत संपूर्ण गुडघेबदलासाठी २०१५ साली परवानगी मिळाली. यात आधी सीटी स्कॅनवरून हाडाचा नकाशा करतात. ऑपरेशनवेळी हाडांत पिना रोवून खुणा लावतात, त्यामुळे पाय हलला तरी यंत्राला ठिकाण कळते. करवत यंत्राच्या हाताला असते, पण चालवितात डॉक्टरच. आखलेल्या हद्दीबाहेर ती जाऊ लागली की यंत्र अडविते. सरी पाडताना दोरी लावावी तसेच हे. दोरीने सरी सरळ येते, पण औतामागे माणूस लागतोच. काही यंत्रे हाड स्वतः कापतात, तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

यंत्राने माप अधिक अचूक येते, हे अभ्यासांत दिसले आहे. मात्र पुढे अनेक वर्षे तो गुडघा हाताने बसविलेल्यापेक्षा चांगला चालतो, हे अद्याप ठामपणे सिद्ध झालेले नाही.

सरकारने २०१७ साली कृत्रिम सांध्याच्या किमतीला मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोम सांध्याला तेव्हा कर सोडून ५४,७२० रुपये ठरले. ही मर्यादा फक्त सांध्याची. यंत्राचा आकार त्यात येत नाही.

तेव्हा नुसत्या रोबोच्या नावासाठी दावणीचे जनावर विकू नका. आधी विचारा: गुडघा बदलण्याची वेळ खरोखर आली आहे काय? हे डॉक्टर वर्षाला किती गुडघे बदलतात? यंत्राचे वेगळे किती पडतील?

आणि ऑपरेशननंतरचा व्यायाम टाळू नका. लागण कितीही सरळ ओळीत केली तरी खत-पाणी चुकलं की टनेज पडत नाही.

– ऊस विकास अधिकारी